मूक भयपटांचा पुनरुद्धार आणि त्यांच्या घरगुती आवृत्त्या : 'नोस्फेराटू' व समकालीन चित्रपटांच्या संदर्भात एक अभ्यास

प्रस्तावना

चित्रपट ही विसाव्या शतकाची प्रातिनिधिक कला मानली जाते. परंतु या कलेच्या आरंभीच्या तीन दशकांतील बहुतांश निर्मिती आज अस्तित्वात नाही. अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये डेव्हिड पीअर्स यांचा या विषयावरील अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार १९१२ ते १९२९ या काळात अमेरिकेत तयार झालेल्या १०,९१९ पूर्ण लांबीच्या मूकपटांपैकी केवळ १४ टक्के मूळ ३५ मिलिमीटर स्वरूपात शिल्लक आहेत. आणखी ११ टक्के चित्रपट परदेशी वितरणाच्या प्रतींत किंवा लहान रुंदीच्या फिल्मवर टिकून आहेत. सुमारे ७० टक्के चित्रपट मात्र पूर्णपणे नष्ट झाल्याचे मानले जाते. ज्या कलेचा इतिहास लिहावयाचा, तिची साधनेच इतक्या मोठ्या प्रमाणावर नाहीशी झाल्यामुळे उरलेल्या साधनांची चिकित्सा हे चित्रपटाच्या इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.

मूकपट आज प्रामुख्याने डीव्हीडी, ब्लू-रे अशा घरगुती माध्यमांतून पाहिले जातात. महाविद्यालयीन वर्गात दाखविली जाणारी प्रतही बहुधा याच स्वरूपाची असते. अशा तबकडीच्या वेष्टनावर 'पुनरुद्धारित आवृत्ती' असे शब्द छापलेले असतात. या शब्दांचा नेमका अर्थ काय, जी प्रत पाहिली जाते ती कोणत्या साधनांवरून सिद्ध झाली आणि तिच्या आधारे काढलेले निष्कर्ष कितपत ग्राह्य धरावेत, या प्रश्नांचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

या विवेचनासाठी भयपटांची निवड करण्यामागे दोन कारणे आहेत. भयानक रसाची निष्पत्ती छायाप्रकाश, हालचालींचा वेग, रंगछटा आणि संगीत यांवर अवलंबून असते. त्यांपैकी एका घटकात बिघाड झाला तरी भयाचे हास्यात रूपांतर होण्यास वेळ लागत नाही. दुसरे म्हणजे, या चित्रपटांना प्रत्येक पिढीत प्रेक्षक मिळाल्यामुळे त्यांचे पुनर्वितरण वारंवार झाले आणि प्रत्येक पुनर्वितरणाने मूळ कृतीत काही ना काही फेरफार केला. त्यामुळे पाठभेदांचा प्रश्न येथे विशेष तीव्रतेने उपस्थित होतो.

१. मूकपटांच्या विनाशाची कारणे

मूकपटांच्या काळात वापरली जाणारी व्यावसायिक फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ अत्यंत ज्वालाग्राही असून कालांतराने त्याचे आपोआप विघटन होते. प्रथम प्रतिमा फिकट होते, मग फिल्म चिकट बनते आणि अखेरीस तिची भुकटी होते. या फिल्मचे व्यावसायिक उत्पादन १९५०च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत चालू होते. परंतु सर्व दोष रसायनशास्त्राच्या माथी मारता येत नाही. १९२७ नंतर बोलपट स्थिरावल्यावर निर्मात्यांच्या दृष्टीने मूकपटांना मोल उरले नाही. साठवणीचा खर्च आणि आगीचा धोका टाळण्यासाठी, तसेच फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठी असंख्य निगेटिव्ह नष्ट करण्यात आल्या. हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने आपल्याजवळ उरलेल्या मूकपटांच्या निगेटिव्ह १९४८ मध्ये नष्ट केल्या. म्हणजेच, या विनाशात अपघात व हवामान यांच्याइतकाच जाणीवपूर्वक घेतलेल्या निर्णयांचाही वाटा होता.

या परिस्थितीत चित्रपट जतन करण्याची जाणीव १९३०च्या दशकात आकारास आली. पॅरिसमधील सिनेमाथेक फ्रान्सेज आणि न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा चित्रपट विभाग यांसारख्या संस्था याच काळातील होत. चित्रपट संग्रहालयांचा आंतरराष्ट्रीय संघ १९३८ मध्ये स्थापन झाला. युनेस्कोने चलत्प्रतिमांच्या जतनासंबंधीची शिफारस २७ ऑक्टोबर १९८० रोजी स्वीकारली. कृतींचा विनाश आणि त्यांच्या जतनाविषयीची औपचारिक जागतिक मान्यता यांत सुमारे अर्ध्या शतकाचे अंतर पडले, ही बाब लक्षणीय आहे.

२. 'नोस्फेराटू' : न्यायालयाचा आदेश आणि बचावलेल्या प्रती

फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ दिग्दर्शित 'नोस्फेराटू' हा चित्रपट ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयातील संगमरवरी सभागृहात प्रथम दाखविण्यात आला. आल्बिन ग्राउ आणि एन्रिको डीकमान यांनी स्थापन केलेल्या प्राना फिल्म या संस्थेची ही एकमेव निर्मिती होय. पटकथा हेन्रिक गालेन यांची, छायाचित्रण फ्रिट्झ आर्नो वाग्नर यांचे आणि संगीत हान्स एर्डमान यांचे होते. काउंट ऑरलॉकची भूमिका माक्स श्रेक या नटाने केली. ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' (१८९७) या कादंबरीवर चित्रपट आधारलेला असल्याचा उल्लेख खुद्द चित्रपटाच्या श्रेयपाट्यांत होता. पात्रांची व स्थळांची नावे बदलली होती. परंतु कादंबरीचे हक्क मात्र घेतलेले नव्हते.

स्टोकर यांचे १९१२ मध्ये निधन झाले होते. त्यांच्या पत्नी फ्लॉरेन्स स्टोकर यांनी ब्रिटनमधील लेखकसंघटनेच्या साहाय्याने या प्रकरणी दाद मागितली. प्राना फिल्म तोवर दिवाळखोरीत निघाली होती, त्यामुळे भरपाई मिळण्याची शक्यता उरली नाही. अखेर १९२५ मध्ये जर्मन न्यायालयाने चित्रपटाची निगेटिव्ह व सर्व प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला. फ्लॉरेन्स स्टोकर यांची बाजू कायद्याच्या दृष्टीने रास्त होती. पतीच्या निधनानंतर त्या कादंबरीचे उत्पन्न हा त्यांच्या निर्वाहाचा आधार होता आणि त्यांचा हक्क उघडपणे डावलला गेला होता. त्यामुळे या प्रकरणाकडे केवळ कलेच्या शत्रूने केलेला अन्याय म्हणून पाहणे इतिहासाला धरून होणार नाही.

न्यायालयाच्या आदेशाची अंमलबजावणी जर्मनीत झाली; परंतु तोपर्यंत काही प्रती देशाबाहेर गेल्या होत्या. फ्रान्समध्ये फ्रेंच पाट्या असलेली प्रत टिकून राहिली. १९२९ मध्ये अमेरिकेत या चित्रपटाचे प्रदर्शन झाले. १९३० मध्ये 'द बारावा तास' अशा अर्थाच्या जर्मन नावाने त्याची ध्वनियुक्त आवृत्ती निघाली. तिच्यात नावे बदलली, नवी दृश्ये घातली, जुनी कापली आणि मुर्नाउचे नावही वगळले. सिनेमाथेक फ्रान्सेजकडील सामग्रीवरून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९४७ मध्ये प्रत मिळविली. इंग्रजी पाट्यांत ऑरलॉकचा पुन्हा 'ड्रॅक्युला' झाला. ज्या साम्यामुळे चित्रपटावर खटला भरला गेला, तेच साम्य पुढील वितरकांनी उघडपणे मिरविले.

या घटनाक्रमातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. 'नोस्फेराटू' आज उपलब्ध आहे तो अधिकृत जतनामुळे नव्हे. निर्यात झालेल्या, भाषांतरित, बदललेल्या आणि काही बाबतींत अनधिकृत प्रतींमुळे तो वाचला. पुनरुद्धाराचे पुढील सर्व काम या 'अशुद्ध' साधनांवर उभे आहे.

३. पाठनिश्चितीची पद्धत

एकाही संहितेचा मूळ हस्तलेख उपलब्ध नसताना अनेक पोथ्यांच्या आधारे शुद्ध पाठ कसा ठरवावा, हा प्रश्न मराठी अभ्यासकाला अपरिचित नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये (इ. स. १५८४) ज्ञानेश्वरीचे पाठशोधन केले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण झाली. चित्रपटाच्या पुनरुद्धाराचे कार्य तत्त्वतः याच जातीचे आहे. प्रथम जगभरातील प्रती गोळा करणे, त्यांची वंशावळ लावणे, कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून निघाली हे ठरविणे आणि नंतर प्रत्येक दृश्यासाठी सर्वांत विश्वसनीय साक्ष निवडणे, असा हा क्रम असतो.

'नोस्फेराटू'च्या बाबतीत या कामाचा पाया म्युनिक चित्रपट संग्रहालयाचे संचालक एनो पाटालास यांनी १९८०च्या दशकात घातला. मुर्नाउच्या टिपणांसह पटकथेची प्रत लोटे आइस्नर यांच्या प्रयत्नांमुळे अभ्यासकांना उपलब्ध झाली होती. दृश्यांचा क्रम ठरविण्यास अशा कागदपत्रांचे साहाय्य होते. १९९० च्या दशकात इटलीतील बोलोन्या येथे रंगछटांसह नवी प्रत सिद्ध करण्यात आली. पुढे व्हिसबाडेन येथील फ्रीडरिश विल्हेल्म मुर्नाउ प्रतिष्ठानासाठी लुसियानो बेरियातुआ यांनी २००५-०६ मध्ये जो पुनरुद्धार केला, तोच आजच्या बहुतेक प्रमाणित घरगुती आवृत्त्यांचा आधार आहे. प्रयोगशाळेचे काम बोलोन्याच्या 'लिमाजिने रित्रोवाता' या संस्थेत झाले.

या आवृत्तीची साधने पाहिली म्हणजे पाठनिश्चितीचे स्वरूप स्पष्ट होते. मुख्य आधार सिनेमाथेक फ्रान्सेजकडील १९२२ च्या, फ्रेंच पाट्यांच्या रंगछटायुक्त नायट्रेट प्रतीचा आहे. तिच्यात नसलेली दृश्ये जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारातील १९३९ च्या प्रतीवरून घेतली. ही प्रत १९२० च्या दशकातील चेक निर्यातप्रतीवरून निघाली होती. काही दृश्ये १९३० च्या त्या फेरफार केलेल्या ध्वनिआवृत्तीतून आली. जर्मन पाट्या १९६२ च्या एका सुरक्षित प्रतीतून घेण्यात आल्या आणि जेथे त्या मिळाल्या नाहीत तेथे मूळ अक्षरवळण अनुसरून नव्याने तयार करण्यात आल्या.

ज्या आवृत्तीने मुर्नाउचे नाव पुसले होते, तिचीच साक्ष त्याची कृती पूर्ण करण्यासाठी घ्यावी लागली. महाभारताच्या संपादकांना उत्तरकालीन प्रक्षेपांनी भरलेल्या पोथीतही एखादा प्राचीन पाठ सापडतो, त्याच प्रकारची ही स्थिती आहे. दोहोंत फरकही आहे. ग्रंथात नाकारलेले पाठ तळटिपेत नोंदविता येतात आणि वाचकाला संपादकाशी मतभेद व्यक्त करण्याची सोय राहते. पडद्यावर तळटीप देता येत नाही. चौकट पुढे सरकते आणि दोन निराळ्या प्रतींतील तुकड्यांमधला सांधा प्रेक्षकाच्या नजरेस येत नाही. पुनरुद्धार जितका कुशल, तितका सांधा अदृश्य. आणि सांधा जितका अदृश्य, तितकी आवृत्तीची सिद्ध केलेली बाजू विसरली जाण्याचा संभव अधिक.

४. रंगछटा, वेग आणि संगीत

मूकपट कृष्णधवल असत, हा समज आजही प्रचलित आहे. प्रत्यक्षात १९२० च्या दशकात बहुसंख्य चित्रपटांच्या प्रती प्रसंगानुरूप रंगद्रव्यात बुडवून रंगविल्या जात. रात्रीसाठी निळी, दिव्याच्या प्रकाशासाठी पिवळसर, पहाटेसाठी गुलाबी अशा छटा वापरल्या जात. जतनासाठी नायट्रेट प्रतींवरून कृष्णधवल प्रती काढल्या गेल्या तेव्हा या छटा गळून पडल्या.

'नोस्फेराटू'मध्ये या हानीचा परिणाम कथानकाच्या गाभ्यापर्यंत पोहोचतो. त्या काळातील फिल्मची संवेदनशीलता कमी असल्यामुळे उघड्यावरील रात्रीची दृश्ये दिवसा चित्रित केली गेली आणि निळ्या छटेने ती रात्रीची आहेत असे सूचित केले गेले. स्टोकर यांच्या कादंबरीत सूर्यप्रकाश ड्रॅक्युलाचा जीव घेत नाही. सूर्याच्या पहिल्या किरणाने पिशाच्चाचा नाश होणे ही कल्पना या चित्रपटाने रूढ केली आणि नंतरच्या असंख्य चित्रपटांनी ती उचलली. परंतु रंगछटा नसलेल्या प्रतीत ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीस मारून भर उन्हात नगरातून चालताना दिसतो आणि शेवटी त्याच उन्हाने मरतो. ज्या प्रेक्षकांनी केवळ अशाच प्रती पाहिल्या, त्यांना ही कथेतील ढोबळ चूक वाटणे स्वाभाविक होते. चूक दिग्दर्शकाची नव्हती, प्रतीची होती.

दुसरा प्रश्न वेगाचा. मूकपटांना सेकंदाला २४ चौकटींचा निश्चित वेग नव्हता. तो सामान्यतः १६ ते २४ च्या दरम्यान बदलत असे. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका मीटरमध्ये सुमारे ५२ चौकटी असतात. या हिशेबाने सुमारे १,९०० मीटर लांबीचा मूकपट सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने दीड तासाहून थोडा अधिक चालेल. तोच बोलपटाच्या वेगाने दाखविल्यास सत्तर मिनिटांच्या आत संपेल. दूरचित्रवाणी व व्हिडिओ कॅसेटसाठी तयार झालेल्या अनेक जुन्या प्रतींत हेच घडले. माक्स श्रेकच्या संथ, जडशीळ चालीत भय आहे. तीच चाल एक तृतीयांशाने जलद झाली म्हणजे पात्र लुटुपुटु धावू लागते. मूकपट म्हणजे हास्यास्पद घाईने हालणारी माणसे, हे चित्र बऱ्याच अंशी अशा चुकीच्या प्रक्षेपणातून निर्माण झाले आहे. २००६ च्या पुनरुद्धारित आवृत्तीचा कालावधी सुमारे ९४ मिनिटांचा आहे.

तिसरा प्रश्न संगीताचा. मूकपट मुळात निःशब्द वातावरणात दाखविले जात नसत. वाद्यवृंद किंवा किमान पियानो सोबत असे. एर्डमान यांच्या मूळ संगीताची पुनर्रचना बेर्ंट हेलर यांनी केली आणि ती जर्मन पुनरुद्धारित आवृत्तीसोबत देण्यात आली. ब्रिटनमध्ये हॅमर कंपनीच्या भयपटांचे संगीतकार जेम्स बर्नार्ड यांनी १९९० च्या दशकात याच चित्रपटासाठी स्वतंत्र संगीत रचले. दोन्ही रचनांचे कलामूल्य मान्य करूनही हे लक्षात ठेवावे लागते की, पहिली ऐतिहासिक पुनर्रचना आहे आणि दुसरी आधुनिक भाष्य. घरगुती तबकडीत दोन्ही एकाच सहजतेने ऐकता येतात. त्यांच्या स्थानातील भेद मात्र प्रेक्षकाने स्वतः करावयाचा असतो.

५. 'द फँटम ऑफ द ऑपेरा' : घरगुती प्रतीचे ऋण

घरगुती प्रत ही मूळ कृतीची हीन नक्कल होय, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. युनिव्हर्सल कंपनीच्या 'द फँटम ऑफ द ऑपेरा' (१९२५) या चित्रपटाचा इतिहास या समजाला छेद देणारा आहे. गास्ताँ लरू यांच्या कादंबरीवर आधारलेला आणि लॉन चेनी यांच्या भूमिकेमुळे अजरामर झालेला हा चित्रपट प्रदर्शनापूर्वीच अनेक बदलांतून गेला होता. श्रेय रूपर्ट जूलियन यांना असले तरी काही भाग दुसऱ्या दिग्दर्शकाकडून चित्रित करून घेण्यात आला. बोलपट आल्यावर कंपनीने काही दृश्ये संवादांसह नव्याने चित्रित करून १९३० मध्ये ध्वनिआवृत्ती प्रदर्शित केली. चेनी तेव्हा दुसऱ्या कंपनीशी करारबद्ध असल्याने त्यांचा त्यात सहभाग नव्हता.

आज ३५ मिलिमीटरवर जी उत्तम प्रत उपलब्ध आहे, ती रॉचेस्टर येथील ईस्टमन संग्रहालयाने १९५० मध्ये मिळविलेली असून १९२९-३० च्या फेरसंपादित सामग्रीवरून निघालेली आहे. तिच्या आरंभी हाती कंदील घेतलेला एक मनुष्य प्रेक्षकांकडे पाहून काही बोलतो. त्याच्या बोलण्याची पाटी मात्र नाही. १९२५ च्या आवृत्तीत हे दृश्य नाही. तरीही कित्येक वर्षे हीच प्रत १९२५ चा चित्रपट म्हणून दाखविली गेली आणि अभ्यासली गेली.

१९२५ मध्ये प्रेक्षकांनी पाहिलेला चित्रपट उरला आहे तो प्रामुख्याने १६ मिलिमीटरच्या प्रतींवर. युनिव्हर्सलने घरी चित्रपट पाहणाऱ्या ग्राहकांसाठी 'शो-ॲट-होम' नावाची योजना चालविली होती. तिच्यासाठी काढलेल्या या प्रती होत. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९२३ मध्ये घरगुती वापरासाठी आणलेली १६ मिलिमीटर फिल्म न पेटणाऱ्या ॲसिटेटची होती. नायट्रेट प्रती जळाल्या, विरघळल्या अथवा जाणीवपूर्वक नष्ट केल्या गेल्या. लोकांच्या घरांत आणि संग्राहकांच्या कपाटांत पडून राहिलेल्या या लहान प्रती मात्र टिकल्या. त्यांतील प्रतिमा मूळच्या तुलनेत पुसट आहे, बारकावे हरवले आहेत. परंतु दृश्यांचा क्रम आणि संकलन यांचा तोच मुख्य पुरावा आहे. उपरोक्त अहवालातील लहान रुंदीच्या फिल्मवर टिकलेल्या चित्रपटांमागे अशा प्रतींचा इतिहास आहे.

घरगुती पुनर्वितरणाची परंपरा डीव्हीडीपासून सुरू झाली नाही, हेही यावरून दिसून येते. फ्रान्सच्या पाते कंपनीची ९.५ मिलिमीटर फिल्म १९२२ मध्ये आली. पुढे अमेरिकेत ब्लॅकहॉक फिल्म्स या संस्थेने ८ आणि १६ मिलिमीटरच्या प्रती विकून मूकपटांचा संग्राहकवर्ग जोपासला. डेव्हिड शेपर्ड यांनी हाच संग्रह हाती घेऊन व्हिडिओ व डीव्हीडीच्या काळात अनेक मूकपट काळजीपूर्वक तयार केलेल्या आवृत्त्यांत आणले. आजच्या तबकड्या या शतकभराच्या परंपरेतील अलीकडचा टप्पा होत.

६. 'कॅलिगारी' : निगेटिव्ह उपलब्ध असतानाही

रोबेर्ट वीने दिग्दर्शित 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी' (१९२०) या चित्रपटाची स्थिती तुलनेने भाग्याची आहे. त्याची कॅमेऱ्यातील मूळ निगेटिव्ह जर्मन अभिलेखागारात आहे. २०१४ मध्ये मुर्नाउ प्रतिष्ठानाने तिच्या आधारे उच्च क्षमतेच्या डिजिटल तंत्राने पुनरुद्धार केला आणि त्याच वर्षी बर्लिन महोत्सवात तो दाखविला. रंगविलेल्या पडद्यांवरील ब्रशचे फटकारेही या आवृत्तीत स्पष्ट दिसतात. तथापि निगेटिव्हमध्ये पहिला अंक नव्हता, तो इतर प्रतींवरून भरून काढावा लागला. निगेटिव्ह कृष्णधवल असल्याने रंगछटांसाठी लॅटिन अमेरिकेत वितरित झालेल्या दोन जुन्या प्रतींचा आधार घेण्यात आला. म्हणजे बर्लिनमधील चित्रपटाचे रंग दुसऱ्या खंडातील प्रतींनी जपून ठेवले होते.

नव्या साधनांमुळे इतिहासलेखन कसे बदलते याचेही उदाहरण हाच चित्रपट पुरवितो. सीगफ्रीड क्राकाउअर यांनी १९४७ मधील आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे प्रतिपादन केले की, मूळ पटकथा सत्तेविरुद्ध बंड करणारी होती आणि आरंभ-शेवटीची चौकटकथा जोडल्याने तिचा अर्थ उलटा झाला. हे मत पटकथाकारांपैकी हान्स यानोविट्स यांच्या कथनावर आधारलेले होते. १९७० च्या दशकात पटकथेची एक प्रत उजेडात आली; तिच्यात चौकटकथा होती, मात्र ती चित्रपटातील चौकटकथेहून निराळी होती. क्राकाउअर यांचा सिद्धान्त त्यामुळे सर्वस्वी बाद झाला असे नाही. परंतु त्याचा पाया ज्या सरळ विरोधावर रचला होता तो टिकला नाही.

७. बाजारपेठ, हक्क आणि घरगुती आवृत्ती

'नोस्फेराटू' अमेरिकेत स्वामित्वहक्कमुक्त आहे. 'फँटम'च्या हक्काचे नूतनीकरण १९५३ मध्ये न झाल्याने तोही मुक्त झाला. युरोपीय संघात दिग्दर्शक, पटकथाकार व संगीतकार यांपैकी शेवटी निधन पावलेल्या व्यक्तीनंतर सत्तर वर्षे हक्क राहतो. गालेन यांचे १९४९ मध्ये निधन झाल्यामुळे 'नोस्फेराटू'वरील तेथील हक्क २०१९ अखेर संपला. हक्कमुक्तीचे दोन परिणाम झाले. कोणीही प्रत काढून विकू शकत असल्याने चित्रपट सर्वत्र पोहोचला. पण त्याच कारणाने पिढ्यान्‌पिढ्या नकलेवरून नक्कल केलेल्या, कडा कापलेल्या, चुकीच्या वेगाच्या आणि कोणतेही संगीत चिकटविलेल्या स्वस्त प्रतींनी बाजार भरून गेला.

दुसऱ्या बाजूला, पुनरुद्धारासाठी मोठा खर्च आणि वर्षानुवर्षांचे श्रम लागतात. तो भरून काढण्यासाठी संस्था नव्या संगीतावर, नव्या पाट्यांवर आणि पुनरुद्धारित आवृत्तीवर हक्क सांगतात. सर्वांची झालेली कृती तिच्या उत्तम रूपात पुन्हा काहींच्याच हाती राहते, हा आक्षेप निराधार नाही. मात्र स्वस्त प्रतींच्या वितरकांनी जतनासाठी काही केले नाही, हेही नजरेआड करता येत नाही. या दोहोंत सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या अभिलेखागारांची भूमिका निर्णायक ठरते.

घरगुती आवृत्तीचे खरे सामर्थ्य एका वेगळ्या ठिकाणी आहे. चित्रपटगृहात एकच पाठ दाखविता येतो. तबकडीवर अनेक ठेवता येतात. 'फँटम'च्या २००३ मधील अमेरिकी डीव्हीडीत १९२५ आणि १९२९ या दोन्ही आवृत्त्या दिल्या होत्या. बेन्यामिन क्रिस्टेन्सेन यांच्या 'हॅक्सन' (१९२२) या चित्रपटाच्या २००१ मधील क्रायटेरियन आवृत्तीत मूळ मूकपटासोबत १९६८ ची निवेदनयुक्त, संक्षिप्त आवृत्तीही होती. पडद्यावर जी तळटीप अशक्य होती, ती येथे काही अंशी शक्य झाली. पुरवणी माहितीपट, साधनांची नोंद आणि पर्यायी पाठ यांमुळे अभ्यासकाला संपादकाचे निर्णय तपासता येतात. ही सोय न देणारी आवृत्ती, तिची प्रतिमा कितीही स्वच्छ असली तरी, अभ्यासाच्या दृष्टीने अपुरी होय.

पुनरुद्धाराला मर्यादाही आहेत. टॉड ब्राउनिंग यांच्या 'लंडन आफ्टर मिडनाइट' (१९२७) या चित्रपटाची शेवटची ज्ञात प्रत १९६० च्या दशकात भांडारास लागलेल्या आगीत गेली. २००२ मध्ये स्थिरचित्रे आणि पटकथा यांच्या आधारे त्याची मांडणी करण्यात आली व ती पुढे डीव्हीडीवर आली. तिच्यावरून कथा कळते, लॉन चेनी यांची वेशभूषा दिसते. चेहऱ्याची हालचाल मात्र दिसत नाही. चित्रपट म्हणून ती कृती आज नाही, आणि त्या मांडणीच्या कर्त्यांनीही तसा दावा पडद्यावरील स्थिरचित्रांतून लपविला नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी स्पष्ट होतात.

एक, मूक भयपटांची आज दिसणारी रूपे ही अनेक खंडित साक्षींवरून सिद्ध केलेले पाठ आहेत. त्यांना 'मूळ चित्रपट' म्हणण्याऐवजी 'अमुक वर्षाची संपादित आवृत्ती' म्हणणे अधिक यथार्थ होईल.

दोन, निर्यातप्रती, फेरफार केलेल्या आवृत्त्या आणि घरगुती वापराच्या लहान प्रती यांना दुय्यम समजून टाकून दिले असते तर हे पुनरुद्धार शक्यच झाले नसते. कोणती प्रत जपण्यायोग्य आहे याचा निर्णय त्या त्या काळाच्या अभिरुचीवर सोडणे धोक्याचे आहे.

तीन, रंगछटा, वेग आणि संगीत हे बाह्य अलंकार नसून अर्थाचे घटक आहेत. त्यांच्या अभावी केलेले रसग्रहण कृतीचे नसून तिच्या हानीचे असण्याचा संभव असतो.

चार, चित्रपटावरील संशोधनात व अध्यापनात वापरलेल्या आवृत्तीचा, तिच्या वर्षाचा व पुनरुद्धार करणाऱ्या संस्थेचा निर्देश करण्याची शिस्त पाळली जाणे आवश्यक आहे. ग्रंथाच्या बाबतीत आवृत्ती न नोंदविणारा संशोधक दोषी ठरतो. चित्रपटाच्या बाबतीत अशी सूट असण्याचे कारण नाही. वर्गात ऑरलॉक भर उन्हात चालताना दिसला आणि विद्यार्थी हसले, तर त्या हसण्याला विद्यार्थ्यांचे अज्ञान कारणीभूत आहे की निवडलेली प्रत, हे तपासण्याची जबाबदारी ती प्रत लावणाऱ्याची आहे.